बादल्या उतरवण्याचा शब्द

मी, लोव्हिना स्टॅनर्ड पुटव्हेन, कै. एमरी पुटव्हेन यांची पत्नी, वय त्र्याऐंशी, धंदा मेपलचा पाक करणे आणि दुसऱ्यांच्या पाकावर मत देणे, राहणार स्टॅनर्ड टेकडी, ईस्ट ओरन, व्हरमाँट, हे मृत्युपत्र आमच्या गुऱ्हाळात, चुलाणाशेजारच्या बाकावर बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेलं नाही, आणि कोणी तसा प्रयत्न केला असता तर त्याचं काय झालं असतं हे ईस्ट ओरनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. याआधीचं एक मृत्युपत्र होतं. ते एका ओल्या सकाळी चुलाण पेटवायला कामी आलं, तेव्हा ते रद्द समजण्यात यावं.

कागद वाफेने मऊ पडला आहे आणि शाई पसरते आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. हंगामाचे शेवटचे दिवस चालू आहेत. काहिलीतली वाफ छपराच्या झडपेतून वर जाते, उन्हाची पट्टी तिथूनच खाली येते, आणि त्या दोन्हींच्या मधे बसलं की हे कोणतं साल आहे ते पटकन सांगता येत नाही. मघाशी एमरी सरपणाची मोळी घेऊन आत आला. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, दार लाव, आणि तो नेहमीसारखा विसरला. अशा गोष्टी दिसल्या म्हणून माणूस भ्रमिष्ट ठरत नाही, हेही मी वकीलबाईंना विचारून घेतलं आहे.

कलम १. देहाविषयी. मी हिवाळ्यात गेले तर जमीन गोठलेली असणार. तेव्हा आपल्या रीतीप्रमाणे मला दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवावं आणि माती मऊ झाली की पुरावं. पण माती मऊ होते ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. हंगाम चालू असताना मला पुरू नये. रस थांबत नाही, मी थांबेन. झाडांना रसासाठी टांगलेल्या बादल्या उतरवून, धुऊन, पालथ्या घातल्या की मग सावकाश या. जेवणात बर्फावर ओतलेला पाक, डोनट आणि आंबट काकडी असावी. बर्फ उरला नसेल तर राईच्या उत्तरेच्या घळीत मे महिन्यातसुद्धा मिळतो, ग्रेटाला जागा माहीत आहे. भाषणं नकोत. पाद्रीबाबांना बोलल्याशिवाय राहवतच नसेल, तर त्यांनी आधी बर्फावरचा चिकट पाक तोंडात घ्यावा आणि मग बोलावं.

कलम २. घर व शिल्लक. राहतं घर, त्यातल्या सगळ्या चीजवस्तू आणि बँकेत जे काही निघेल ते माझी एकुलती एक मुलगी ग्रेटा हिला मिळावं. शिल्लक असेल त्यातून तिने आधी गुऱ्हाळाचं छप्पर करावं, नंतर स्वतःचे दात. स्वयंपाकघराचं दार अडकतं ते दुरुस्त करू नये. ते अडकल्यामुळे कोण आलं ते कळतं. एमरी खांद्याने ढकलायचा, ग्रेटा लाथ मारते.

कलम ३. राई. वरच्या दगडी भिंतीपासून ओढ्यापर्यंतची मेपलची राई ग्रेटाचीच. तिला झाडाझाडांतून निळ्या नळ्या ओढायच्या आहेत, म्हणजे रस आपणहून घरंगळत टाकीत येईल. यावरून आमचं जे बोलणं झालं ते इथे नोंदवते.

"आई, अख्खी काउंटी नळ्यांवर गेली. आपणच तेवढे चिखलातून बादल्या वाहतोय."

"माझ्या डोळ्यांदेखत नाही."

"आणि नंतर?"

"नंतर माझे डोळे मिटलेले असतील."

यालाच परवानगी समजावं. अट एकच. बादली असो की नळी, नवं भोक जुन्याच्या रेषेत पाडायचं नाही. वीतभर बाजूला आणि हातभर वर. झाड आपलं भोक आपण बुजवतं. दोन उन्हाळ्यांत साल बंद होते आणि बाहेरून काही दिसत नाही, पण आतलं लाकूड विसरत नाही. वाऱ्याने पडलेलं जुनं झाड आम्ही फोडलं तेव्हा आत माझी भोकं होती, त्यांच्या आत बाबांची, आणि अगदी गाभ्याजवळ आजोबांची, काळसर बोटं टेकवल्यासारखी. तो ओंडका मला जाळवला नाही. तो माझ्या पलंगाशेजारी आहे, मी त्यावर चष्मा ठेवते. ग्रेटाने पाहिजे तर त्यावर कॉफी ठेवावी, पण बशी घेऊन.

कलम ४. हत्यारं. एमरीचं हातगिरमिट हार्लन क्रो याला द्यावं. हार्लन गावचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवतो आणि दर वर्षी चिखलाच्या दिवसांत आमची गाडी ओढून काढतो. तो हसतो, पण वळणापलीकडे गेल्यावर हसतो, आणि ही सभ्यता हल्ली दुर्मीळ झाली आहे. काहील ग्रेटाची. काहिलीतला रस दोन बोटांच्या खाली गेला तर आधी नवा रस सोडावा आणि मग घाबरावं. उलटं केलं तर काहील जळते. फेस वर येऊ नये म्हणून काहिलीवर दोरीने टांगलेला डुकराच्या चरबीचा तुकडा हा वारसाहक्कात येत नाही, तो दर वर्षी नवा आणायचा असतो. मागच्या वर्षीचाच अजून लटकतो आहे अशी मला शंका आहे.

कलम ५. मिसेस ऑर्डवे यांनी चर्चच्या न्याहारीला, आमच्या टेकडीच्या पायथ्याशी बसून, दुकानातल्या प्लास्टिकच्या बाटलीतला रंगीत पाक लोकांच्या पॅनकेकवर वाढला. मला ते विसरायचं होतं, जमलं नाही. त्यांना आमच्या काळ्याभोर पाकाची एक बरणी आणि सोबत चमचा देण्यात यावा. काहीही बोलू नये. नुसतं द्यावं आणि त्या चाखेपर्यंत तिथेच उभं राहावं.

कलम ६. सीमेवरचं झाड, आणि रॉइस. इथवर लिहायला एक सकाळ लागली. या कलमाला दोन दिवस लागले, कारण मधेमधे मी नुसतीच वाफेकडे बघत बसले होते.

रॉइस स्टॅनर्ड हा माझा धाकटा भाऊ. ओढ्यापलीकडच्या खालच्या शेतावर राहतो. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्यावर आहे, आणि तीस वर्षं होऊन गेली, आम्ही एकमेकांना हाक मारलेली नाही.

कारण असं. आमच्या घरात हंगाम सुरू कधी करायचा हे कोणीही सांगू शकतं. रात्री गोठलं, दिवसा ऊन पडलं, कावळे परत आले की पोरंसोरंही तोट्या ठोकायला निघतात. संपवायचा कधी, हे मात्र एकच माणूस सांगतं. झाडाच्या कळ्या फुगायला लागल्या की रस आतून बदलतो. रसात ते दिसत नाही. पाकात येतं, जिभेच्या मागच्या टोकाला, लांबच्या घरात कोबी उकडत असावा तितपत. आम्ही म्हणतो, कळी आली. एक दिवस लवकर थांबलात तर देवाने दिलेलं ओतून दिलंत, एक दिवस उशीर केलात तर पिंपच्या पिंप वाया. म्हणून एक माणूस लाकडी चमच्याने पाक घेतं आणि म्हणतं, "उतरवा." मग वाद नाही, सगळे बादल्या उतरवायला निघतात. हा शब्द आजोबांचा होता, नंतर बाबांचा.

बाबांच्या शेवटच्या वसंतात ते याच बाकावर गोधडी पांघरून बसले होते. आजाराने त्यांच्या तोंडाची चव गेली होती. त्यांनी एकाच धारेतला पाक मला आणि रॉइसला चाखायला लावला.

रॉइस म्हणाला, "कळी नाही. अजून एक दिवस आहे."

मी म्हटलं, "कळी आली."

बाबांनी गोधडी खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाले, "लोव्हिना म्हणेल ते."

"वर्षभर लाकडं मी फोडायची," रॉइस म्हणाला, "आणि शब्द हिचा?"

"लाकडं हातांनी फोडतात," बाबा म्हणाले.

हे बोलायला नको होतं, पण बाबांनी आयुष्यात कधी शब्द मागे घेतला नाही, आणि मागे घ्यायला पुढे दिवसही राहिले नाहीत. रॉइस निघून गेला. त्याच्या हातात पाक बघायचा लांब पितळी पळा होता, तोही त्याच्याबरोबर गेला. रागात नेला की विसरून, हे आजवर कळलेलं नाही. तेव्हापासून त्याने गुऱ्हाळात पाऊल टाकलेलं नाही.

मृत्युपत्रात खरं तेच लिहावं म्हणून लिहिते: त्या दिवशी कळी आलेली होती.

दोन्ही शेतांच्या मधल्या दगडी भिंतीत एक थोरला मेपल आहे, मुळं इकडेही आणि तिकडेही. माझी एक बादली त्याच्या उत्तर अंगाला, रॉइसची दक्षिण अंगाला, आणि गुऱ्हाळाच्या दारातून दोन्ही दिसतात. एवढीच त्याची राई. त्या बादलीभर रसाचा पाक तो स्वयंपाकघरातल्या शेगडीवर करतो, आणि हार्लन सांगतो की वाफेने त्याच्या भिंतींवरचा कागद सुटून लोंबायला लागला आहे. इतकी वर्षं एक गोष्ट मी बघत आले. ज्या दिवशी मी "उतरवा" म्हणते, त्याच दिवशी त्याचीही बादली उतरलेली असते. मला वाटायचं, आमची धावपळ बघून उतरवत असेल.

दोन हिवाळ्यांपूर्वी मला ताप आला, आणि तो जाताना माझ्या तोंडाची चव घेऊन गेला. परत आली नाही. तेव्हापासून मी आठवणीने जेवते. पाव तोंडात घातला की आईच्या हातचा पाव आठवायचा, सफरचंद घेतलं की शाळेच्या वाटेवरचं. कधीकधी भलतीच आठवण येते, आणि मी बटाटा खाताना पीचचा मुरंबा खात असते. तक्रार नाही. माझं जेवण ईस्ट ओरनमध्ये सगळ्यात चांगलं असतं. पण कळी आठवणीने चाखता येत नाही. ती आज आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न असतो.

हे मी कोणाला सांगितलं नाही. दोन्ही वसंतांत चमचा तोंडात घातला, डोळा मिटला, आणि उघडून दारातून भिंतीकडे बघितलं. रॉइसची बादली दिसेनाशी झाली, तेव्हा "उतरवा" म्हटलं. दोन्ही वर्षी पाक चोख निघाला. म्हणजे तो आमच्याकडे बघून उतरवत नव्हता. त्याला कळी कळते. आता कळते, असं मी मान्य करते, तेव्हाचं वेगळं. ग्रेटा, हे वाचून ओरडू नकोस, मला ऐकू येणार नाही.

या वर्षी रॉइस जानेवारीत बर्फावर पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. काठी घेऊन अंगणापर्यंत येतो, पण भिंतीपर्यंत चढ आहे. झाडाची दक्षिण बाजू उघडी आहे. तिथली साल बघत मी रोज बसते. खालच्या दलदलीत छोटे बेडूक ओरडायला लागले आहेत. वसंत पक्का होण्याआधी त्यांचे गळे तीनदा गोठावे लागतात म्हणतात, त्यातलं दोनदा झालं. समोरच्या डोंगरावर कळ्यांची लाली चढते आहे, सकाळी नसते, दुपारी असते, आणि संध्याकाळी मला वाटतं की मी उगाच धरून चालले. ग्रेटा रोज विचारते, "आई, उतरवायच्या का?" मी म्हणते, "बघू." तिला चाखायला लावलं तर ती म्हणते, "मला सगळाच पाक गोड लागतो." पोरगी गुणाची आहे, पण सकाळपासून उकळती कॉफी पिते, तिची जीभ चामड्याची झाली आहे.

म्हणजे या घरात आज शब्द द्यायला कोणी नाही. अख्खा हंगाम, ग्रेटाचे फुटलेले हात, भरलेली पिंपं, सगळं एका चमच्यावर अडलं आहे, आणि तो चमचा मला काही सांगत नाही. मला याची भीती वाटते. मरणाची वाटत नाही, याची वाटते.

कलम ७. शब्द. बादल्या उतरवण्याचा शब्द, जो मला वडिलांकडून मिळाला, तो मी माझा भाऊ रॉइस स्टॅनर्ड याला देत आहे. माझ्या मृत्यूनंतर नव्हे, हे मृत्युपत्र वाचलं जाईल त्या घटकेपासून. रस माझ्या मरणाची वाट बघणार नाही. त्याच्यानंतर तो शब्द, ज्याच्या जिभेला कळी कळेल त्याला त्याने द्यावा, नात्यातला असो वा नसो. तसंच तो पितळी पळा, जो त्याने आधीच नेलेला आहे, तो मी याद्वारे त्याला देते. इतकी वर्षं तो चोरीचा माल होता, आता देणगी आहे.

सीमेवरचं झाड कोणालाच देत नाही. ते तिथे उभं राहील.

आमच्या घरात हंगाम संपल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही होत नाही. लग्नंसुद्धा मेमध्ये झाली. म्हणून खाली तारखेची जागा मोकळी सोडली आहे.

साक्षीदारांचं विचारलं तेव्हा वकीलबाई मिसेस डनबार म्हणाल्या होत्या, "ज्याच्या नावे काही ठेवलंय त्याला साक्षीदार होता येत नाही. एवढं लक्षात ठेवा." मी लक्षात ठेवलं. मग हार्लनच्या हाती निरोप पाठवला: रॉइस, माझ्या मृत्युपत्राला साक्षीला ये. माझ्यासाठी तो आला नसता. बाबांच्या नावाने तर दार आपटलं असतं. पण सरकारी कामाला बोलावलं तर स्टॅनर्ड माणूस तापातही उठून येतो.

पुरवणी, सह्यांच्या आधी लिहिलेली. मृत्युपत्रात असलं काही घालायचं नसतं असं मिसेस डनबार म्हणतात. मृत्युपत्र माझं, चुलाणही माझंच.

काल दुपारी सगळे जमले. मिसेस डनबार शहरी बुटांत, दारापासून बाकापर्यंत फळ्या टाकून आणलेल्या. ओडेट लाबाउंटी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, ती डोनटचा डबा घेऊन. ग्रेटा चुलाणात लाकडं सारत होती. हार्लनने रॉइसला गाडीतून आणलं आणि शेवटचा चढ हात धरून चढवलं.

रॉइस दारात उभा राहिला. मागून ऊन, पुढून वाफ, त्यामुळे त्याचा चेहरा दिसेना. मला वाटलं एमरी. मग वाटलं बाबा. मग काठी दिसली, आणि कोटाच्या पट्ट्यात खोचलेला पितळी पळा.

"दार लाव," मी म्हटलं. "गारठा येतो."

तीस वर्षांनी भावाशी बोललेले हे माझे पहिले शब्द. मी कितीतरी चांगले शब्द ठरवून ठेवले होते. त्याने दार लावलं.

"कुठे सही करू?" त्याने वकीलबाईंना विचारलं.

"तुम्हाला नाही करता येणार, मिस्टर स्टॅनर्ड," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव आत आहे."

"आत? कशाला?"

"वाचून दाखवा," मी म्हटलं. "सहावं आणि सातवं."

मिसेस डनबारांचा आवाज कोर्टातला आहे, तरी वाफेत तो मऊ होऊन फिरत राहिला. ग्रेटाने लाकूड हातात धरलं ते धरूनच ठेवलं. रॉइस बुटांकडे बघत ऐकत होता. 

"आई!" ग्रेटा म्हणाली. "दोन वर्षं?"

"ओरडू नकोस म्हणून लिहिलंय."

"ते तू मेल्यावर! आत्ता मी ओरडणारच."

रॉइस हार्लनकडे वळला. "सही करायची नाही तर मला चिखलातून कशाला आणलं हिने? चल, गाडी वळव."

"रुतलीय," हार्लन म्हणाला. "तासभर तरी निघत नाही." तो छपराकडे बघत होता. गाडी खरंच रुतली होती का, हे मी त्याला कधी विचारणार नाही. गिरमिटाच्या जोडीला त्याला एमरीची कानस आणि लाकडी पेटीही देण्यात यावी.

मी ग्रेटाकडून चमचा घेतला, धारेखाली धरला आणि रॉइसपुढे केला.

"तूच सांग की," तो म्हणाला. "शब्द तुझा ना?"

"मला चव लागत नाही, रॉइस."

"कशाचीच?"

"कशाचीच."

"कॉफीची?"

"गरम पाणी."

"ओडेटच्या डोनटची?"

"त्यांना पहिल्यापासूनच नव्हती."

"मी इथेच उभी आहे," ओडेट म्हणाली.

तो हसला नाही, पण काठी भिंतीला टेकवली. बाकावर बसला, बाबा बसायचे त्या कोपऱ्यात. चमचा घेतला. पाक तोंडात धरून त्याने डावा डोळा मिटला, अगदी बाबांसारखा. वाफ इतकी दाट झाली होती की त्या बाकावर आम्ही दोघं होतो की तिघं, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. मला रडू येत होतं, आणि वाफेचा एक फायदा असतो, त्यात ते दिसत नाही.

"कळी नाही," रॉइस म्हणाला. "अजून एक दिवस आहे."

तेच शब्द, त्याच कोपऱ्यातून. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओठांवर माझं उत्तर तयार होतं, तीस वर्षं तयारच होतं. डोंगरावरची लाली, बेडूक, माझी हाडं, सगळी म्हणत होती की आली, कळी आली. एक दिवस चुकला तर काय जातं हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं.

मी हार्लन आणि ओडेटला म्हटलं, "उद्या या."

"अहो, पुटव्हेनबाई," मिसेस डनबार म्हणाल्या, "मी काउंटीच्या त्या टोकावरून आलेय. सह्या तेवढ्या आत्ता..."

"हंगाम चालू आहे. वरची खोली मोकळी आहे, गोधडी जाड आहे."

आणि त्या राहिल्या. वकिलांनाही कधीकधी घरी जायचं नसतं.

आजचा दिवस मी नीट सांगू शकत नाही, कारण बराचसा मी डोळे मिटून काढला. पहाटे पुन्हा गोठलं आणि बेडूक तिसऱ्यांदा गप्प झाले. मग ऊन आलं आणि रस असा सुटला की बादल्यांचं टपटप राईभर ऐकू येत होतं, सगळ्या झाडांना एकाच वेळी काहीतरी आठवल्यासारखं. रॉइस काठीवर रेलून काहिलीशी उभा होता. पळा बुडवून वर धरायचा, आणि पाक काठावरून पडद्यासारखा सुटतो का ते बघायचा. उन्हात तो पडदा सोनेरी दिसायचा. मला वास येत नाही, चव येत नाही, पण रंग अजून दिसतात. मी बाकावर बसून तेवढं खाल्लं.

ऊन कलल्यावर त्याने चमचा तोंडात घातला, डोळा मिटला, आणि दाराकडे बघत म्हणाला, "उतरवा."

ग्रेटा धावली. हार्लन धावला, ओडेट धावली, मिसेस डनबार एमरीचे रबरी बूट घालून दोन्ही हातांत बादल्या घेऊन चिखलातून चालताना मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. मला आणि रॉइसला उचलता येत नाही, म्हणून आम्ही दोघंच आत राहिलो. चुलाणातला जाळ बसत चालला होता.

"त्या वर्षी कळी नव्हती, लोव्ही," तो म्हणाला.

"होती."

"नव्हती."

"रॉइस, मी माझं मृत्युपत्र लिहितेय."

"लिही की. नव्हती."

मग त्याने पळा बाकाच्या मागच्या खिळ्याला अडकवला. तो खिळा इतकी वर्षं रिकामा होता आणि मी त्याला कधी दुसरं काही अडकवू दिलं नव्हतं. त्याने जागा न शोधता, न बघता अडकवला. इतकं बरं मला एमरी गेल्यापासून वाटलं नव्हतं, हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते.

आजच्या पाकाविषयी: रॉइस म्हणतो चोख आहे. ग्रेटा म्हणते गोड आहे. मला विचाराल तर कालच उतरवायला हवं होतं. पण शब्द आता माझा नाही, आणि मी वाद घालत नाही.

साक्षीला नाही तर नाही, निदान तारीख तरी मी घालतो, असं रॉइस म्हणतो आहे. मिसेस डनबार म्हणतात की वाफेमुळे त्यांना काही दिसत नाही. चुलाण विझून बराच वेळ झाला आहे.

हार्लनचं गिरमिट, कानस आणि पेटी मी आजच त्याच्या हवाली केली, तेव्हा त्याच्या नावे इथे काही उरलेलं नाही आणि त्याला साक्षीदार होता येतं. वर लिहिलेलं सगळं माझं आहे, खाडाखोडीसकट. ते मी वाचून बघितलं, पटलं, आणि खालच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्या दोघांनीही माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत केली, हात धुऊन, तरी कागद चिकटच आहे.

(सही) लोव्हिना स्टॅनर्ड पुटव्हेन

साक्षीदार:
१. (सही) हार्लन क्रो, रस्तेवाला, ईस्ट ओरन
२. (सही) ओडेट लाबाउंटी, ऑर्गनवादक, ईस्ट ओरन. माझ्या डोनटला चव आहे.

स्थळ: स्टॅनर्ड गुऱ्हाळ, ईस्ट ओरन, व्हरमाँट

दिनांक (रॉइस स्टॅनर्ड याच्या हस्ताक्षरात): १७ एप्रिल. हंगाम आज संपला. काल कळी नव्हती. उद्यापासून तिला जेवताना कशाची चव कशी आहे ते मी शेजारी बसून सांगेन.